स्पेशल फोर्स म्हणजे नक्की काय? कोणतं दल काय काम करतं आणि तिथवर जायची खरी वाट कोणती

मोबाइल उघडला की कमांडोंच्या रील्स. काळे कपडे, तोंडाला फडकं, हातात परदेशी बंदूक आणि मागे जोरदार गाणं. गावोगावची पोरं पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळतात, त्यातल्या निम्म्यांना विचारलं तर 'पॅरा कमांडो व्हायचंय' असंच उत्तर येतं. पण पॅरा, मार्कोस, ब्लॅक कॅट, कोब्रा, सी-६० यांत फरक काय, हे विचारलं की बरेच जण गप्प बसतात. याच गोंधळाचा फायदा घेऊन 'थेट कमांडो भरती करून देतो' म्हणत पैसे मागणारेही भेटतात. म्हणून ही सगळी माहिती एका जागी, सोप्या भाषेत देत आहोत. पोरांनी वाचावी, आणि पोरांच्या आईवडिलांनी तर नक्की वाचावी.

विशेष दल म्हणजे काय?

नांगराचं काम खुरप्याने होत नाही आणि खुरप्याचं नांगराने होत नाही. सैन्याचंही तसंच आहे. सीमेवरची ठाणी धरून ठेवणं, मोठा मुलूख जिंकणं, शत्रूची फौज थोपवणं ही कामं पायदळ, रणगाडे आणि तोफखान्याची. हजारो जवान लागतात, महिनोन् महिने लागतात. याउलट काही कामं अशी असतात की तिथं हजार माणसं नेली तर काम बिघडतं. शत्रूच्या पाठीमागे जाऊन एखादा तोफांचा तळ उडवायचा, ओलिसांना जिवंत सोडवून आणायचं, चार दिवस झुडपात लपून शत्रूच्या हालचाली मोजायच्या. अशा कामांसाठी थोडी, निवडलेली, वेगळं प्रशिक्षण घेतलेली माणसं लागतात. तीच विशेष दलं, म्हणजे स्पेशल फोर्स.

यांची तुकडी छोटी असते. पाच-सहा जणांची टोळीसुद्धा स्वतंत्रपणे काम करू शकते. त्यात एक जण स्फोटकांचा जाणकार, एक वायरलेसवाला, एक जखमींवर उपचार करणारा, एक लांब पल्ल्याचा नेमबाज, एक वाट काढणारा, अशी वाटणी असते. शिवाय प्रत्येकाला दुसऱ्याचं काम थोडंफार येतं, कारण एखादा पडला तर मोहीम थांबून चालत नाही.

विशेष दलाचा जवान म्हणजे सिनेमातला एकटा शंभरांना लोळवणारा हिरो नव्हे. त्यांच्या यशाची खरी खूण म्हणजे कोणाला कळायच्या आत जाऊन परत येणं. गोळी न झाडता माहिती घेऊन आलेली तुकडीसुद्धा तितकीच यशस्वी असते, पण तिची बातमी होत नाही.

आपल्याकडे सुरुवात कशी झाली?

१९६५ च्या भारत-पाक युद्धात मेजर मेघ सिंह यांनी स्वयंसेवक जवानांची एक छोटी तुकडी उभी केली. तिला 'मेघदूत फोर्स' म्हणत. या तुकडीने शत्रूच्या हद्दीत घुसून छापे घातले. त्या कामाचा उपयोग पाहून सैन्याने कायमची कमांडो बटालियन उभारायचं ठरवलं. १ जुलै १९६६ रोजी ९ पॅरा कमांडो ही बटालियन उभी राहिली. पुढच्याच वर्षी १० पॅरा कमांडो झाली. ढोबळमानाने ९ चं लक्ष डोंगरी भागावर आणि १० चं वाळवंटावर. आज यांना पॅरा (स्पेशल फोर्सेस) म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पॅराशूटने उडी मारणारा प्रत्येक जवान स्पेशल फोर्सचा नसतो. पॅराशूट रेजिमेंटमध्ये काही बटालियन साध्या छत्रीधारी पायदळाच्या आहेत आणि काही स्पेशल फोर्सच्या. मरून रंगाची टोपी दोघेही घालतात. पण 'बलिदान' हा बिल्ला फक्त स्पेशल फोर्सवाले लावतात. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात महेंद्रसिंह धोनीच्या ग्लोव्हजवर जे चिन्ह दिसलं आणि ज्याला आयसीसीने हरकत घेतली, ते हेच. बिल्ल्यावर उभा खंजीर, त्याला पंख आणि खाली देवनागरीत 'बलिदान' हा शब्द.

ही दलं नेमकी कोणती कामं करतात?

१) छापा. शत्रूचं एखादं नेमकं ठिकाण गाठायचं, उडवायचं आणि परत यायचं. डिसेंबर १९७१ च्या युद्धात पूंछ भागात पाकिस्तानच्या तोफा आपल्या ठाण्यांवर मारा करत होत्या. १३-१४ डिसेंबरच्या रात्री ९ पॅरा कमांडोच्या जवानांनी थंडगार पूंछ नदी ओलांडली, मंढोल गावाजवळचा तोफखाना गाठला आणि सहा तोफा निकामी केल्या. त्याच युद्धात राजस्थानच्या बाजूने १० पॅरा कमांडोने जीप आणि जोंगा गाड्यांतून वाळवंट तुडवत सिंधमधल्या छाछरो गावावर छापा घातला. नेतृत्व होतं जयपूरच्या राजघराण्यातले लेफ्टनंट कर्नल सवाई भवानी सिंह यांचं. त्यांना महावीर चक्र मिळालं.

अलीकडचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १८ सप्टेंबर २०१६ ला उरीच्या तळावर हल्ला झाला, त्यात १९ जवान गेले. त्यानंतर २८-२९ सप्टेंबरच्या रात्री पॅरा एसएफच्या तुकड्या नियंत्रण रेषा ओलांडून गेल्या आणि घुसखोरीसाठी थांबलेल्या अतिरेक्यांच्या तळांवर मारा करून परत आल्या. यालाच आपण 'सर्जिकल स्ट्राइक' म्हणतो.

२) टेहळणी. हे सगळ्यात जास्त चालणारं आणि सगळ्यात कमी दिसणारं काम. शत्रूच्या तळावर किती माणसं, पहारा कधी बदलतो, गाड्या कोणत्या वाटेने येतात, हे जवळून बघून कळवायचं. दिवसचे दिवस एका जागी पडून राहायचं. चूल नाही, विडी नाही, खोकला आला तरी दाबायचा. कधी कधी याच टोळ्या विमानांना किंवा तोफांना नेमकं लक्ष्य दाखवून देतात.

३) ओलिसांची सुटका. यात घाई केली तर ओलीस मरतात आणि उशीर केला तरी मरतात. मार्च २०२४ मधली घटना बघा. 'एमव्ही रुएन' हे मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पळवलं होतं. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर लांब आपल्या 'आयएनएस कोलकाता' या युद्धनौकेने ते अडवलं. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस कमांडो त्यांच्या बोटींसह समुद्रात उतरवले गेले. सुमारे ४० तास ही कारवाई चालली. ३५ चाचे शरण आले, जहाजावरचे १७ जण सुखरूप सुटले. त्या चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं गेलं. गोळीबारापेक्षा दबाव आणि धीर इथं जास्त कामाला आला.

४) दहशतवादविरोधी कारवाई. काश्मीर आणि ईशान्य भारतात हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. ४ जून २०१५ ला मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात सैन्याच्या ताफ्यावर हल्ला होऊन १८ जवान मारले गेले. पाच दिवसांनी, ९ जूनला, पॅरा एसएफच्या जवानांनी म्यानमार सीमेवर बंडखोरांच्या तळांवर कारवाई केली.

५) शत्रूच्या मुलखात राहून लढणं. यासाठी स्पेशल फ्रंटियर फोर्स नावाचं दल आहे. चीनशी युद्ध चालू असताना नोव्हेंबर १९६२ मध्ये ते उभं राहिलं. यातले बरेच जवान तिबेटी निर्वासितांपैकी आहेत. तळ उत्तराखंडातल्या चक्रात्याला. १९७१ मध्ये हे दल चितगावच्या डोंगराळ भागात लढलं. ऑगस्ट २०२० मध्ये लडाखात पँगाँग तलावाच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर हेच जवान होते. तिथं सुरुंगाच्या स्फोटात न्यिमा तेन्झिन यांना वीरमरण आलं, तेव्हा कुठे देशातल्या सामान्य माणसाला या दलाचं नाव कळलं.

कोणतं दल कोणाचं?

गोंधळ होतो तो इथंच. म्हणून यादी करून देतो.

- पॅरा (स्पेशल फोर्सेस): भूदलाचं. डोंगर, जंगल, वाळवंट सगळीकडे. हवाई उडीचं प्रशिक्षण आग्र्याला.
- मार्कोस: नौदलाचं. स्थापना १९८७. मुंबईत 'आयएनएस अभिमन्यू' हा त्यांचा तळ आहे. समुद्रातलं काम तर आहेच, पण काश्मीरच्या वुलर तलावावरही हे जवान तैनात राहिलेत.
- गरुड: हवाई दलाचं. स्थापना २००४. विमानतळांचं रक्षण, शत्रूच्या भागात पडलेल्या वैमानिकाला सोडवून आणणं आणि दहशतवादविरोधी कारवाई. काश्मीरमध्ये हाजिन इथं कारवाईत वीरमरण आलेल्या कॉर्पोरल ज्योती प्रकाश निराला यांना अशोक चक्र मिळालं.
- एनएसजी, म्हणजे ब्लॅक कॅट: हे सैन्याचं दल नाही. ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाताखाली येतं. स्थापना १९८४. हरियाणातल्या मानेसरला मुख्य तळ. यातला एक गट सैन्यातून आलेल्या जवानांचा आणि दुसरा केंद्रीय पोलीस दलांतून आलेल्यांचा. ठरावीक वर्षं काम करून जवान आपल्या मूळ दलात परत जातात.
- कोब्रा: सीआरपीएफच्या बटालियन. २००८ पासून नक्षलग्रस्त जंगलांसाठी.
- सी-६०: महाराष्ट्र पोलिसांचं, गडचिरोलीचं पथक. १९९० मध्ये ६० जवानांपासून सुरुवात झाली, म्हणून हे नाव. यातले बहुतेक जवान त्याच भागातले, गोंडी-माडिया बोलणारे. जंगलातली पायवाट त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे बाहेरच्या जवानाला जे सहा महिन्यांत कळत नाही ते यांना सहज कळतं.
- फोर्स वन: २६/११ नंतर महाराष्ट्र पोलिसांनी मुंबईसाठी उभं केलेलं पथक.

पंतप्रधानांच्या मागेपुढे काळा चष्मा लावून चालणारे असतात ते एसपीजी. ते आणखी वेगळे.

थोडक्यात, पहिली तीन आणि स्पेशल फ्रंटियर फोर्स ही युद्धाच्या कामाची, बाकीची अंतर्गत सुरक्षेची. दोघांचं धाडस सारखंच, पण काम वेगळं, मालक वेगळा आणि जायची वाट वेगळी.

मराठी मातीचं नातं

पॅराशूट रेजिमेंटशी मराठ्यांचं नातं जुनं आहे. आजची २ पॅरा ही बटालियन मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. ११ डिसेंबर १९७१ ला आत्ताच्या बांगलादेशात टांगाईल इथं विमानांतून उड्या टाकून माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडवली ती याच बटालियनने. तेव्हा ती साधी छत्रीधारी बटालियन होती, स्पेशल फोर्स पुढे झाली. तसंच २१ मराठा लाइट इन्फन्ट्रीचं १९९६ मध्ये रूपांतर होऊन २१ पॅरा (एसएफ) ही बटालियन झाली.

याच २१ पॅरामधले अधिकारी होते सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक. साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. काश्मीरमध्ये ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी नंतर स्वतः सैन्याचं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.

गरुडमध्येही आपलं माणूस होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये हाजिन इथल्या चकमकीत गरुडचे मिलिंद किशोर खैरनार हे महाराष्ट्राचे सुपुत्र धारातीर्थी पडले.

ही नावं वाचताना छाती फुगते हे खरं. पण प्रत्येक नावामागे एक घर आहे, हेही पोरांनी ध्यानात ठेवावं.

जिथं अंदाज चुकला

विशेष दल पाठवलं की काम फत्ते, असं नसतं. १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरने जवान उतरवून 'लिट्टे'चं नेतृत्व पकडायचा बेत होता. १० पॅरा कमांडोचे जवान होते, सोबत १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे. पण समोरच्याला आधीच सुगावा लागलेला. हेलिकॉप्टरांवर इतका गोळीबार झाला की मागची कुमक उतरवताच आली नाही. उतरलेले शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान एकटे पडले. त्यातले २९ जण लढता लढता गेले. कमांडो घरांचा आसरा घेऊन लढत राहिले, शेवटी रणगाडे पोहोचले तेव्हा त्यांची सुटका झाली.

जवान कमी पडले नव्हते. मिळालेली माहिती कच्ची होती, बेत फुटला होता आणि मागून मदत पोहोचायची सोय तुटली. स्पेशल फोर्सची ताकद तीन गोष्टींवर उभी असते: पक्की खबर, गुप्तता आणि परत आणायची व्यवस्था. यातलं एक जरी गेलं तर जगातला सगळ्यात तगडा कमांडोसुद्धा चार भिंतींत अडकलेला माणूस असतो.

२६/११ ने काय शिकवलं?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. दहा अतिरेकी, १६६ जणांचा जीव गेला. सगळ्यात आधी समोर कोण गेलं? हातात लाठी आणि जुन्या बंदुका असलेले मुंबई पोलीस. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि सोडली नाही. गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या, म्हणून तो एक जिवंत सापडला. ओंबळे कमांडो नव्हते. पण त्यांच्यामुळे पाकिस्तानचा हात जगापुढे पुराव्यानिशी सिद्ध झाला.

मार्कोसचे जवान पहाटेच्या सुमारास ताज आणि ओबेरॉय हॉटेलात शिरले. एनएसजीचे कमांडो दिल्लीहून विमानाने यायला २७ तारखेची सकाळ उजाडली. ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि नरिमन हाउसमध्ये हवालदार गजेंद्र सिंह बिष्ट यांना वीरमरण आलं. २९ ला सकाळी कारवाई संपली. या उशिरातून धडा घेऊन २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथं एनएसजीची केंद्रं सुरू झाली.

दुसरा धडा तुमच्या-आमच्या हातातल्या मोबाइलशी संबंधित आहे. त्या तीन दिवसांत वाहिन्या सगळं थेट दाखवत होत्या. कमांडो कुठे उतरतात, कोणत्या मजल्यावर आहेत, हे पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्हीवर बघत होते आणि आतल्या अतिरेक्यांना फोनवर सांगत होते. कसाबच्या खटल्याच्या निकालात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर यासाठी कडक ताशेरे ओढले. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायला आता नियमाने मनाई आहे. अधूनमधून नेमलेला अधिकारी माहिती देईल तेवढीच दाखवायची. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने याची पुन्हा आठवण करून दिली, आणि त्यात सोशल मीडिया वापरणाऱ्यांनाही जबाबदारीने वागायला सांगितलं.

तेव्हा फक्त वाहिन्या होत्या. आता प्रत्येकाच्या खिशात वाहिनी आहे. म्हणून रेल्वेतून चाललेल्या सैन्याच्या गाड्या, तोफा, जवानांच्या तुकड्या यांचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. सुट्टीवर आलेल्या जवानाचं युनिट, नेमणुकीचं ठिकाण, परत जायची तारीख स्टेटसवर ठेवू नका. सत्काराचा बॅनर लावायचा तर नाव आणि गाव पुरेसं आहे. जवानाचा अभिमान आहे ना, मग त्याचा ठावठिकाणा जगाला कशाला?

तिथवर जायची खरी वाट

आता पोरांच्या कामाचं. नीट वाचा.

पहिली गोष्ट: पॅरा एसएफची वेगळी जाहिरात निघून गावातला मुलगा थेट कमांडो होतो, असं नसतं. आधी सैन्यात भरती व्हावं लागतं. जवान म्हणून सध्या अग्निपथ योजनेतून, म्हणजे अग्निवीर म्हणून. चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम केलं जातं. अधिकारी व्हायचं तर एनडीए, सीडीएस अशा परीक्षांमधून.

दुसरी गोष्ट: विशेष दलात जबरदस्तीने कोणाला पाठवत नाहीत. स्वतःहून नाव द्यावं लागतं. मग काही महिन्यांची चाचणी असते. पाठीवर वजन घेऊन लांबच लांब चाल, झोप नाही, पोटात अन्न कमी, आणि त्यातच डोकं ठिकाणावर ठेवून निर्णय घ्यायचे. शरीर थकल्यावर माणूस कसा वागतो, सोबत्याला टाकून जातो का, खोटं बोलतो का, हे बघितलं जातं. बहुतेक जण यात गळतात आणि आपल्या मूळ युनिटात परत जातात. यात लाज काहीच नाही. ते जवान होते, जवानच राहतात.

तिसरी गोष्ट: मार्कोससाठी आधी नौदल, गरुडसाठी आधी हवाई दल, कोब्रासाठी आधी सीआरपीएफ, सी-६० आणि फोर्स वनसाठी आधी महाराष्ट्र पोलीस. एनएसजीत तर थेट भरतीच नाही. सैन्यातून किंवा केंद्रीय दलांतूनच तिथं जाता येतं.

चौथी गोष्ट: सैन्य भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान. म्हणजे नुसतं पळून भागत नाही, गणित आणि सामान्यज्ञानही लागतं. मैदानात १६०० मीटर धाव, बीमवर पुलअप्स, नऊ फुटांची खड्डा-उडी, तोल सांभाळून चालणं असतं. वयाची अट आणि वेळेची मर्यादा बदलत असते. ती प्रत्येक वेळी सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या जाहिरातीतच बघावी. कोणाच्या फॉरवर्डवर विसंबू नये.

आईबापांनो, एवढं तपासा

- भरती करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तो फसवतोय, असंच समजा. सैन्यात पैसे घेऊन भरती होत नाही. कोणाचा मामा कर्नल असो की मेजर.
- ॲकॅडमी सराव करून घेऊ शकते, निवड करू शकत नाही. फी भरण्याआधी शिकवणारा कोण, मैदान कसं, लेखी परीक्षेची तयारी होते का, मागच्या वर्षी खरंच कोण लागलं, हे त्या मुलांच्या घरी जाऊन विचारा. बोर्डावरचे फोटो पाहून ठरवू नका.
- मूळ मार्कशीट, जातीचा दाखला कोणाकडे 'ठेवायला' देऊ नका.
- धावताना दम वाढावा म्हणून इंजेक्शन, गोळ्या कोणी सुचवल्या तर पोराला तिथून काढा. जिवावर बेततं.
- पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. पोलीस ठाण्यात तक्रार द्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

शेवटी

आपल्याकडे वर्षातून थोडी पोरं सैन्यात लागतात. त्यातली अगदी मोजकी पुढे विशेष दलात जातील. बाकीचे कोणी सियाचीनला पहारा देतील, कोणी ट्रक चालवतील, कोणी वायरलेस सांभाळतील, कोणी स्वयंपाकघरात असतील. रात्री शत्रूच्या हद्दीत गेलेली सहा जणांची टोळी परत येते ती या सगळ्यांच्या जोरावर. तोफा तयार ठेवणारा, हेलिकॉप्टर दुरुस्त करणारा, ठाण्यावर जागा राहून वाट बघणारा जवान नसेल तर कमांडो एक पाऊल टाकू शकत नाही.

म्हणून पोरगं साधा जवान म्हणून लागलं तरी पेढे वाटा. कमांडो झाला नाही म्हणून त्याला कमी लेखू नका. आणि नाहीच लागलं, तर त्याने पहाटे पळून कमावलेलं शरीर आणि शिस्त वाया जात नाही. पोलीस भरती आहे, वनरक्षक भरती आहे आणि घरची शेतीसुद्धा आहे.